चुन्याचे बारा ठसे

होटगीत उतरून कुणालाही दानम्माचं घर विचारलं, तर उलटा प्रश्न येतो, "भाकरीवाली दानम्मा की कुत्र्यावाली?" बाई एकच आहे. ज्वारीच्या पातळ भाकऱ्या थापून, वाळवून कडक करायच्या आणि आठवड्यातून दोनदा सोलापूरच्या शुक्रवार पेठेतल्या दुकानात पोचवायच्या, हा तिचा स्वतःचा उद्योग. कुत्र्यांचा नाद नवऱ्याचा. तो गेला आणि नाद तिच्या गळ्यात पडला. तिचं तिसरंही एक नाव आहे, पण ते तिच्या तोंडावर कुणी घेत नाही. नवरा जिवंत होता तेव्हासुद्धा बारशाला, ओटी भरायला तिला बोलावणं येत नसे, एवढ्यावरून ते नाव काय असेल ते समजून घ्यावं.

नवरा शंकरप्पा रेल्वेत गँगमन होता. उंच, सडपातळ, कानांवर मऊ लांब केस असलेली पश्मी कुत्री तो पाळायचा. विजापूरकडून, जतकडून माणसं पिल्लं मागायला यायची आणि पिल्लाच्या आधी सल्ला मागायची. शंकरप्पा तंबाखू मळत सगळ्यांना एकच सांगायचा, "कुत्री माजावर आली की पयलं रगात दिसल्यापासनं मोजा. बाराव्या दिवशी नराकडं न्या. आदी न्हाय, मागनं न्हाय." लोक मान डोलवून जायचे. कित्येकांच्या कुत्र्या गाभण राहायच्या नाहीत, तेव्हा ते आपल्याच नशिबाला बोल लावायचे. शंकरप्पाच्या शब्दावर शंका घ्यायची कुणाची टाप नव्हती.

त्याची एक भिंत होती. चुलीच्या मागे एक अंधारी खोली आहे, पूर्वी तिथे जातं असायचं. त्या खोलीची ही शेणमातीची भिंत. माजावर येणाऱ्या कुत्रीखाली तो आपल्या जुन्या धोतराचा पांढरा तुकडा अंथरायचा. त्यावर पहिला डाग दिसला की तंबाखूच्या चुन्यात अंगठा बुडवून भिंतीवर एक ठसा उठवायचा. मग रोज एक. ज्या दिवशी जोडी लागेल त्या दिवशी ठशावर दुसरा ठसा, आणि ओळ संपली. ओळीच्या डोक्यावर खिळा आणि खिळ्याला त्या कुत्रीचा गळपट्टा. दानम्मा सगळं घर सारवायची, पण ती भिंत सोडून. तिला हात लावायचा नाही, असा मालकाचा हुकूम होता. ओळी मोजाव्यात असंही तिच्या कधी मनात आलं नाही.

आता खिळ्यांवर नऊ गळपट्टे लटकतात आणि घरात कुत्री एकच उरली आहे. बेळ्ळी. कानडीत बेळ्ळी म्हणजे चांदी. शंकरप्पाच्या वाणाची ती शेवटची मादी, आणि वाणाचा शेवटचा नर करिया हा वळसंगच्या पुढे गुरु नावाच्या शेतकऱ्याच्या वस्तीवर. करिया अकरा वर्षांचा, एका डोळ्यात मोतीबिंदू. या दोघांची पिल्लं झाली नाहीत, तर तीस वर्षांचं सगळं त्या खिळ्यांवरच संपणार होतं.

आणि बेळ्ळीचं सगळंच निराळं. इतर कुत्र्या वर्षातून दोनदा माजावर येतात. तिची आई वर्षातून एकदाच यायची, मावशी दर पाच महिन्यांनी. बेळ्ळी पहिल्यांदा आली ती अडीच वर्षांची झाल्यावर. पुढे चौदा महिन्यांनी एकदा, आणि मग दोन वर्षं काहीच नाही. सोलापुरातला जनावरांचा डॉक्टर म्हणाला, मधे मुका माज येऊन गेला असेल, बाहेर काही दिसत नाही. तो आणखीही म्हणाला, "आजी, प्रत्येक कुत्रीचा दिवस वेगळा असतो. एखादी नवव्या दिवशी नराला उभी राहते, एखादी विसाव्या दिवशी. रक्त तपासून कळतं." दानम्मा हो म्हणाली आणि घरी येऊन बाराच मोजायचे असं ठरवून बसली. त्या कालच्या पोराचं ऐकायचं की मालकाचं?

पहिल्या माजाच्या वेळी शंकरप्पा जिवंत होता, पण अर्धं अंग गेलेलं, वाचा गेलेली. गुरु बाराव्या दिवशी बेळ्ळीला न्यायला आला, तेव्हा खाटेवरून शंकरप्पाने चांगला हात उचलला आणि आतल्या खोलीच्या भिंतीकडे बोट करत राहिला. घशातून नुसता घरघर आवाज. दानम्माला वाटलं, पाणी हवंय. तिने पाणी पाजलं. ते ओठांच्या कडेने गळून गेलं आणि बोट तसंच भिंतीकडे. त्या दिवशी बेळ्ळी करियाला चावली. दोन महिन्यांनी शंकरप्पा गेला. दुसऱ्या माजाला दानम्माने स्वतः मोजलं, बाराव्या दिवशी नेलं, आणि तेव्हाही तेच झालं.

यंदा बसव जयंतीच्या दुसऱ्या दिवशी धोतरावर डाग दिसला. दानम्माने नवऱ्याच्या चंचीतला वाळलेला चुना भिजवला आणि भिंतीवर पहिला ठसा दिला. हा शेवटचा डाव आहे हे तिला पक्कं माहीत होतं.

तिसऱ्या दिवशी दुपारी कुत्री जमली. माजावरच्या मादीच्या दारात गावची कुत्री जमतात, त्यात नवल नाही. पण ती भुंकतात, एकमेकांच्या अंगावर जातात, माणसाला वैताग आणतात. ही अकराच्या अकरा लिंबाखाली ओळीने बसली आणि गप्प बसली. ऊन असं की पत्रे तडतडत होते, रस्त्यावर माणूस नाही, लांब यार्डात मालगाडीचे डबे आपटल्याचा आवाज तेवढा येतो. बारा वाजता ती यायची, तीनला उठून जायची. दानम्माने दगड मारला, तो एकाच्या पाठीवर बसला, तरी ते कुत्रं हललं नाही. "यव्वा!" म्हणून तिने दार लावून घेतलं आणि गळ्यातलं लिंग मुठीत धरून बसून राहिली.

पाचव्या दिवशी ठसा द्यायला ती आत गेली, तर भिंतीवर एक ठसा जास्त.

तिच्या ओळीत नाही. खाली, जमिनीपासून हातभर उंचीवर. लहान, गोल, पांढरा ठसा. आपलाच हात चुकून लागला असेल, असं म्हणून तिने विषय सोडला. दुसऱ्या दिवशी तिथे तीन होते. आठव्या दिवशी सहा. घरात ती आणि बेळ्ळी, तिसरं माणूस नाही. दानम्मा त्या खोलीत जाताना आता देवळीतली विभूती कपाळाला लावून जाऊ लागली. बेळ्ळी मात्र दिवसभर तिथेच असायची. हाक मारली की बाहेर यायची, मान वळवून पुन्हा भिंतीकडे बघायची.

बारावा दिवस उजाडला. गुरु करियाला टेंपोत घालून घेऊन आला. त्या दुपारी लिंबाखालची कुत्री खुशाल झोपलेली होती, कुणाचा कान हलत नव्हता. ही खूण दानम्माला वाचता आली असती, पण तिचं सगळं ध्यान मोजण्यात. करिया जवळ गेला, बेळ्ळी खाली बसली. पुन्हा गेला, तेव्हा तिने त्याचा कान फाडला.

गुरु रक्त पुसत म्हणाला, "दानम्मक्का, हे तिसऱ्यांदा झालं. म्हातारं जनावर हाय माजं. शंकरप्पा काकाचा शब्द म्हणून आलो. आता न्हाय जमायचं."

"आनी एक डाव ये की रे गुरु. ह्येच्या मागं कोन हाय आता?"

"बारावा दिवस टळला की. आता काय उपेग?" तो म्हणाला, आणि यात त्याचं काही चुकत नव्हतं. त्यालाही तेच शिकवलेलं.

टेंपो गेला. दानम्मा दारातच बसून रडली. कुत्रीसाठी कोण रडतं, असं शेजारणींनी म्हटलं असेल. म्हणू देत.

त्यानंतर ठसे भराभर वाढले. सोळाव्या दिवसापर्यंत खाली दोन ओळी पुऱ्या झाल्या होत्या. दानम्माने मोजल्या. पहिली ओळ बारा. दुसरी ओळ बारा. तिसऱ्या ओळीचे चार. ती वाकून जवळ गेली. प्रत्येक ठशाला उजव्या बाजूला एक खाच होती. विळा लागून अंगठा चिरलेली बाई या घरात एकच होऊन गेली. ईरम्मा, तिची सासू. तिला जाऊन बत्तीस वर्षं झाली होती. लिंगायतांच्या रीतीने बांधावर मांडी घालून बसवून पुरलेली, मातीची पहिली मूठ दानम्मानेच टाकलेली.

"अत्ती," ती रिकाम्या खोलीत म्हणाली, "अजून काय मोजतीस गं?"

दानम्मा सतराव्या वर्षी या घरात आली तेव्हा शंकरप्पा लांबच्या सेक्शनवर होता आणि तिकडेच क्वार्टरमध्ये राहायचा. सून बाहेरची झाली की ईरम्मा जात्यापाशी बसल्या बसल्या भिंतीवर चुन्याचा ठसा द्यायची. रोज एक. बारा झाले की रेल्वेच्या माणसाकडे निरोप जायचा आणि शंकरप्पा एका रात्रीसाठी घरी यायचा. बारावी रात्र फळाची, असं तिला कुणा म्हातारीने सांगितलेलं. इतर दिवशी तो घरी आला तरी ईरम्मा त्याला ओसरीवर झोपवायची. वाया घालवायचं नाही, म्हणायची. दर महिन्याला बारा ठसे, आणि पुन्हा पहिल्यापासून. चौदा वर्षं. बाराच्या पुढे ईरम्माचा अंगठा एकदाही गेला नाही. मग ती मेली, आणि मरताना सुनेकडे बघायलाही तयार नव्हती.

सतराव्या दिवशी दानम्माने ठरवलं, काय असेल ते डोळ्यांनी बघायचं. भर दुपारी ती खोलीच्या कोपऱ्यात गोणपाटावर बसली. बाहेर कुत्री आली, बसली, गप्प झाली. बराच वेळ काही नाही. मग बेळ्ळी उठली, भिंतीपाशी गेली आणि चाटायला लागली. सावकाश, एका लयीत, पिल्लाला चाटावं तशी. शेणमातीचा पापुद्रा ओला होऊन गळून पडला आणि खालून पांढरा ठसा वर आला.

दानम्मा एकदम हसली. चुन्यासाठी भिंत चाटणारी कुत्री तिने जन्मभर पाहिली होती! ती जवळ गेली, मोबाइलची बॅटरी लावली. ईरम्माच्या ओळींवर कुणीतरी जाड सारवण दिलेलं होतं. कुणी, तेही तिला आठवलं. आई गेल्याच्या महिन्यात शंकरप्पाने स्वतः ही भिंत सारवली होती. शेणात कधी हात न घातलेला माणूस. बायका हसल्या होत्या त्याला. तिने शेवटच्या ठशावर बोट ठेवलं. ठसा ओला होता. लाळेने ओला असणार. पण बोट उचललं तर त्याला चुना लागलेला होता, ताजा, आणि त्याला तंबाखूचा वास होता.

ती मागे सरकली. उजेड वरच्या ओळींवर पडला आणि तिथे थांबला. बारा, बारा, बारा मोजून तिला त्या आकड्याची सवय लागली होती. तिने नवऱ्याची पहिली ओळ मोजली. दुहेरी ठसा नवव्या जागी होता. दुसरी ओळ पंधरा. तिसरी अकरा. चौथी सतरा. एका कुत्रीच्या दोन ओळी, एक दहाची, एक चौदाची. बारा सबंध भिंतीवर एकदाच सापडले. बेळ्ळीच्या आईचा घुंगराचा पट्टा होता, त्याखाली दुहेरी ठसा एकविसाव्या जागी.

दानम्माने बॅटरी विझवली.

त्याला माहीत होतं. हरेक मादीचा दिवस वेगळा, हे त्याला कुत्र्यांनी शिकवलं होतं. पहिली ओळ त्याने घातली तेव्हा दानम्मा बत्तीस वर्षांची होती. बत्तीस म्हणजे काही म्हातारपण नव्हे. त्याने आईच्या ओळी बुजवल्या, वर स्वतःच्या मांडल्या आणि जगाला बाराच सांगत राहिला. का, हे तिला त्या अंधारात लख्ख कळलं. बारा खोटं म्हटलं असतं, तर घरातली चौदा वर्षंही खोटी ठरली असती. मग वांझ कोण, हा प्रश्न पुन्हा उठला असता. दुसऱ्यांच्या कुत्र्या रिकाम्या राहिल्या तर त्याचं काय जात होतं?

"मला तर सांगायचं," ती मोठ्याने म्हणाली. "मला एकटीला सांगायचं हुतं की हो."

राग तिला असा आला की सगळे गळपट्टे उपटून चुलीत घालावेत. आणि मग तो उचललेला हात आठवला, भिंतीकडे धरलेला, घरघर करणारा गळा, आणि आपण पाजलेलं पाणी. वाचा गेल्यावर त्याला बोलायचं होतं. ती रडली नाही. बेळ्ळी येऊन तिच्या पायाला टेकून उभी राहिली.

एकोणिसाव्या दिवशी दुपारी बारा वाजता लिंबाखालची अकराही कुत्री उभी होती. दानम्माने बेळ्ळीच्या कमरेवर हात ठेवला. बेळ्ळीने शेपटी बाजूला घेतली आणि खांबासारखी थांबली. आईचा एकविसावा होता, हिने एकोणिसावा धरला. दानम्माने गुरुला फोन लावला.

"अक्का, बारा कधीच गेले की," तो म्हणाला.

"बारा गेले चुलीत. करियाला बांदून ठिव. मी निगाले."

रिक्षावाले कुत्री घेईनात. एकाने वळसंग फाट्यापर्यंत घेतली, दुप्पट पैसे लावून. ती रिक्षा गाठायला रेल्वे फाटकापर्यंत ती चालत गेली तेव्हा मागे अकरा कुत्री चालत होती, एकामागे एक, मुकाट. फाटकापाशी ती सगळी थांबली. दानम्माने वळून पाहिलं तर ती बेळ्ळीकडे बघत नव्हती. त्यांची तोंडं घराच्या दिशेला होती. तिने पदर डोक्यावर ओढला आणि पुन्हा वळून पाहिलं नाही.

वस्तीवर गुरु कपाळाला आठ्या घालून उभा होता. करियाने फाटक्या कानाने वास घेतला. बेळ्ळी हलली नाही. दोन मिनिटांत जोडी लागली आणि वीस मिनिटं लागून राहिली. गुरु घड्याळाकडे आणि दानम्माकडे आळीपाळीने बघत होता. "काका तर म्हनायचे..." त्याने सुरुवात केली. दानम्माने त्याला पाणी मागितलं.

जोडी लागल्यापासून त्रेसष्टाव्या दिवशी सकाळी, धोतराच्या तुकड्यावर, बेळ्ळीने पाच पिल्लं दिली. तीन माद्या, दोन नर. शेजारची अक्षता, लग्नाला सहा वर्षं झालेली आणि सासूच्या बोलण्याने वाळलेली पोर, दारात येऊन उभी राहिली. आत यावं की नाही, तिला समजेना. दानम्माने तिला आत घेतलं आणि एक पिल्लू ओंजळीत दिलं. "माझ्या सासूबाय तिथी काडून ठिवत्यात," अक्षता हळूच म्हणाली.

"तुझ्या सासूला म्हनावं, दानम्मानं बोलिवलंय," ती म्हणाली. "तिला ही भिंत दावायची हाय मला. आनी तू तुझ्या नवऱ्याला घिऊन सोलापूरला डाक्टरकडं जा. दोगंबी जा."

दुपारी गुरु पिल्लं बघायला आला. लोक विचारतात, कितवा दिवस सांगू, म्हणाला. दानम्माने सांगितलं, "बेळ्ळीचा एकोनिसावा. दुसऱ्या कुत्रीचा मला ठावं न्हाय. ज्याची त्यानं तिलाच इचारावं."

तो गेल्यावर ती चुन्याची वाटी घेऊन आतल्या खोलीत गेली. बेळ्ळीच्या ओळीत एकोणिसाव्या ठशावर तिने दुसरा ठसा दिला. मग जातं असायचं त्या जागी ती खाली बसली. समोर ईरम्माची शेवटची ओळ आता पुरी उघडी पडली होती, बारा ठशांची, आणि पुढे कोरी भिंत. तिने अंगठा बुडवला आणि तेरावा ठसा दिला. चौदावा दिला. पंधरावा, सोळावा. प्रत्येक ठशापाशी ती जराशी थांबत होती. दुहेरी ठसा कुठे द्यायचा ते तिला कळत नव्हतं, कारण तिचा दिवस कितवा होता हे तिला कुणी कधी कळू दिलं नव्हतं. ओळ चौकटीला जाऊन टेकली तेव्हा वाटीतला चुना संपला होता. मागे पिल्लं चुकचुक आवाज करत दूध पीत होती.